‘गेट’ ह्या क्रियापदाचें गणगोत

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला शाळेंत जे उपदेश ऐकावे लागतात, त्यांत एक असा असतो कीं, निबंधांत ‘गेट’ हें क्रियापद शक्यतों वापरूं नये. प्रस्तुत लेखकाच्या एका निबंधांत तें सात वेळां आलें होतें. गुरुजींनीं सातही ठिकाणीं तांबड्या शाईनें खोडून त्याच्या डोक्यावर ‘ऑब्टेन’ लिहिलें. पुढें अध्यापक झाल्यावर तीच तांबडी शाई मीं स्वतः वर्षानुवर्षें वापरली. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें रजेच्या अर्जांत आपण ताप ‘ऑब्टेन’ केल्याचें लिहून आणलें. प्रथम हंसूं आलें. मग ध्यानांत आलें कीं, दोष त्याचा नसून आमच्या शाईचा आहे. एका शब्दाऐवजीं दुसरा ठेवला म्हणजे भाषा सुधारते, ह्या समजुतीचें परीक्षण करणें तेव्हांपासून मला आवश्यक वाटूं लागलें.

ह्या समजुतीचें मूळ कांहीं अंशीं आपल्या जुन्या शिक्षणांत आहे. पर्याय म्हटला कीं आपणांस अमरकोश आठवतो. पाण्याला सलिल म्हणा, वारि म्हणा, उदक म्हणा; वृत्तांत बसेल तो शब्द घ्यावा, तहान कोणत्याहि नांवानें भागते. परंतु अमरसिंहाच्या ग्रंथाचें खरें नांव ‘नामलिंगानुशासन’ असें आहे, हें आपण विसरतों. तो नामांचा कोश आहे. क्रियापदांशीं त्याला कर्तव्य नाहीं. नाम वस्तु दाखवून मोकळें होतें. क्रियापद मात्र कोणी, कोणासाठीं, किती सायासानें आणि कोणत्या अधिकारानें, असे चार प्रश्न बरोबर घेऊन येतें. त्याचा पर्याय देणें म्हणजे ह्या प्रश्नांचीं उत्तरें बदलणें होय.

‘गेट’च्या गणगोताकडे पाहिलें म्हणजे हें पटतें. ‘अर्न’ हा शब्द मूळच्या आंग्ल-सॅक्सन घरचा. त्याचें नातें सुगीच्या श्रमाशीं जोडलें जातें, आणि आजहि त्याला घामाचा वास आहे. ‘विन’ हाहि त्याच घरचा. झगडणें, कष्ट करणें असा त्याचा जुना अर्थ, म्हणून त्याला अजून प्रतिस्पर्धी लागतो. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच व लॅटिन वळणाचे शब्द येऊं लागले. त्यांपैकीं ‘ऑब्टेन’मध्यें विनंती किंवा खटपट गृहीत असते, ‘अक्वायर’मध्यें हळूहळू सांचत जाणारा संग्रह असतो, मग तो जमिनीचा असो कीं संवयींचा, ‘प्रोक्युअर’मध्यें मुद्दाम केलेली तजवीज असते, आणि ती कित्येकदां उजळ माथ्यानें सांगण्याजोगी नसते, ‘रिसीव्ह’मध्यें घेणारा नुसता हात पुढें करतो. रुपये शंभरच असोत. शब्द बदलतांच त्यांचा धनी कधीं मजूर, कधीं खेळाडू, कधीं अर्जदार, कधीं दलाल, तर कधीं आश्रित होतो. हिशेबाच्या वहींत रक्कम तीच राहते, माणूस बदलतो. ह्या सूक्ष्म भेदांचें महत्त्व इंग्रजांनींहि ओळखलें होतें. हेस्टर पिओझी ह्या विदुषीनें १७९४ मध्यें आणि जॉर्ज क्रॅब ह्यानें १८१६ मध्यें पर्यायांतील भेद समजावून देणारे स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केले.

आणि स्वतः ‘गेट’? तो ह्यांपैकीं कोणाचीच बाजू घेत नाहीं. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या नॉर्स लोकांच्या ‘गेटा’ ह्या क्रियापदापासून तो आला. ‘फर्गेट’ आणि ‘बिगेट’ ह्यांत त्याचा इंग्रजी भाऊबंद आधींपासून नांदत होताच. मूळ कल्पना हस्तगत करण्याची. लॅटिन ‘प्रेहेंडेरे’शीं त्याचें दूरचें नातें असून त्या लॅटिन शब्दापासूनच ‘कॉम्प्रिहेंड’ झाला. विनोद कळला म्हणजे इंग्रज ‘गेट’ म्हणतो, शास्त्रार्थ कळला म्हणजे ‘कॉम्प्रिहेंड’. मूठ एकच, वेष दोन. आपल्या ‘आकळणें’मध्यें तरी दुसरें काय आहे?

पण आज ह्या शब्दाचा अर्थ बहुतेक त्याच्या शेजारावर ठरतो. त्याच्यापुढें वस्तु ठेवा, तो मिळवितो. विशेषण ठेवा, तो बनतो. स्थळ ठेवा, तो पोहोंचतो. ‘अप’ ठेवा, तो उठतो. ‘बीट’चें धातुसाधित ठेवा, तर बिचारा मार खातो. अमेरिकेंत ‘गॉट’ व ‘गॉटन’ हीं दोन्ही धातुसाधितें वापरांत असल्यामुळें जवळ असणें आणि मिळविलेलें असणें हा भेदहि दाखवितां येतो. इंग्लंडांत ‘गॉटन’ मागें पडल्यामुळें तो प्रसंगावरून ओळखावा लागतो. डॉक्टर जॉन्सन ह्यानें १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत ज्या शिथिल आणि व्यापक अर्थाच्या क्रियापदांपुढें कोशकार हतबल होतो असें मोकळेपणानें कबूल केलें, त्यांत ‘गेट’ आहे. जॉन्सनसारखा पंडित जेथें थबकला, तेथें आम्ही तांबड्या शाईची एक रेघ मारून पुढें जात होतों!

हा शब्द मराठींत आणावयाचा म्हणजे निराळीच अडचण उभी राहते. ‘गेट’च्या वाक्यांत बहुधा माणूसच कर्त्याच्या आसनावर बसतो, नोकरी असो, पत्र असो कीं ताप असो, व्याकरणाच्या दृष्टीनें तें सारें ‘मी’ मिळवितों. मराठी असें करीत नाहीं. ‘मला पत्र मिळालें’, ‘मला ताप आला’, येथें पत्र आणि ताप हे कर्ते. मी चतुर्थी विभक्तींत बाजूला उभा. ‘मिळणें’ म्हणजे मूळचें एकत्र येणें. नदी ज्या क्रियेनें समुद्राला मिळते, त्याच क्रियेनें पगार मला मिळतो. मी खटपट केली तरच ‘मिळविणें’ हें प्रयोजक रूप येतें आणि मला कर्तेपण लाभतें. ह्यावरून इंग्रज ओरबाडणारा आणि मराठी माणूस संतुष्ट, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. ‘लाटणें’, ‘उकळणें’, ‘बळकावणें’ हे शब्द आपल्या घरचेच आहेत. ठरतें तें इतकेंच कीं, इंग्रजी वाक्य जो प्रश्न मोघम ठेवूं शकतें, तो मराठी भाषांतरकाराला सोडवावाच लागतो. ‘त्याला नोकरी मिळाली’ कीं ‘त्यानें नोकरी मिळविली’? मूळ वाक्य दोन्ही अर्थ सोसतें. भाषांतर एकच बाजू घेतें.

मात्र मोघमपणा हा नेहमींच दोष असतो असें नव्हे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायांत, पहिला पुत्र झाल्यावर हव्वा जे उद्गार काढते त्यांत ‘गेट’चेंच रूप आहे. मूळ हिब्रूंत ‘काइन’ हें नांव आणि ‘काना’ हें क्रियापद ह्यांचा ध्वनि जुळविलेला असून, त्या क्रियापदाला मिळविणें आणि निर्माण करणें असे दोन्ही अर्थ लावले जातात. त्या काळच्या ‘गेट’लाहि मिळविणें हा अर्थ होता, आणि, विशेषतः पित्याच्या संबंधांत, अपत्य जन्मास घालणें हाहि होता, शेक्सपिअरच्या नाटकांत तो आढळतो. नांवाचा श्लेष इंग्रजींत उतरला नाहीं, परंतु अर्थाचा दुपेडीपणा उतरला. तेथें तांबड्या शाईनें ‘ऑब्टेन’ लिहून पाहावें: आईची अर्जदार होते.

हा विचार परभाषेपुरताच नाहीं. आमच्या मराठींतहि एक तांबडी शाई वावरत आहे. तिचें नांव ‘प्राप्त’. कचेरींत अर्ज प्राप्त होतो, खेळाडू पदक प्राप्त करतो, विद्यार्थी पदवी प्राप्त करतो, आणि वृत्तपत्राला बातमीहि प्राप्त होते. हरवलेलें गवसतें, सहवास लाभतो, नको तें पदरीं पडतें, घबाड हातीं लागतें, भाकरी कमवावी लागते. एवढें सारें वैभव घरांत असतां एकाच शब्दाला राबविण्यानें भाषा भारदस्त होत नाहीं. कष्ट कोणाचे आणि दैव कोणाचें, हें सांगण्याची तिची शक्ति तेवढी जाते.

त्या विद्यार्थ्याच्या अर्जांतला ‘ऑब्टेन’ मीं खोडला आणि तेथें ‘गेट’चें योग्य रूप लिहिलें. आतां कोणाच्या निबंधांत तो शब्द सात वेळां आला तर मी तो खोडीत नाहीं. समासांत ‘कोणी? कसें?’ एवढेंच लिहितों. विद्यार्थी विचार करून परत येतो, तेव्हां सातांपैकीं तीनचार जागीं त्याला दुसरा शब्द सुचलेला असतो. उरलेल्या जागीं ‘गेट’च राहतो, आणि तो तेथें राहावा हेंच बरें.