विज्ञानाला मर्यादा आहेत, मग पुढे काय?

आज आपण दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवू. एक, गुरुदेव रा. द. रानडे यांचं १९३३ सालचं 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र'. दुसरं, बर्ट्रंड रसेल यांचं १९३५ सालचं 'रिलिजन अँड सायन्स'. दोघेही मोठे तत्त्वज्ञ. ज्ञान कशाला म्हणायचं, या प्रश्नाची दोघांची उत्तरं मात्र दोन टोकांची आहेत.

रसेल यांचं पुस्तक आजही वाचावं असं आहे. कोपर्निकसपासून उत्क्रांतिवादापर्यंत धर्मसत्तेनं नव्या ज्ञानाची वाट कशी अडवली, ते त्यांनी नेमकं मांडलंय. त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही अडतो ते विज्ञान आणि नीती या प्रकरणापाशी. तिथे ते म्हणतात, मूल्यं ज्ञानाच्या कक्षेत येतच नाहीत, ती आपल्या इच्छांची अभिव्यक्ती असते. आणि जे काही ज्ञान माणसाला मिळू शकतं, ते वैज्ञानिक पद्धतीनंच मिळतं.

आता हेच विधान त्याच्याच कसोटीला लावून बघू. हे कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं? कुठल्याच नाही. ते तात्त्विक विधान आहे, युक्तिवादानं पटवायचं. म्हणजे ते खरं असेल, तर ते खरं आहे हे कळायचा मार्गच उरत नाही!

दुसरं असं की, १९१२ साली 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी'मध्ये खुद्द रसेल यांनीच थेट परिचयाचं ज्ञान आणि वर्णनातून होणारं ज्ञान असा भेद केला होता. दाढ दुखते तेव्हा काय होतं? दंतवैद्याला एक्स-रेमध्ये कीड दिसते. कळ मात्र ज्याची दाढ त्यालाच कळते. कीड कितीही बारकाईनं मोजा, कळ म्हणजे काय ते त्या मापातून उमगत नाही. दोन्ही ज्ञानंच आहेत, आणि एकानं दुसरं खोटं पडत नाही.

आपल्याकडे नैयायिकांनी चार प्रमाणं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला विषय नीट ठाऊक आहे आणि तो जसा आहे तसा सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे, असं भाष्यकार वात्स्यायन सांगतात. आपली जन्मतारीख आपल्याला याच प्रमाणानं कळलेली असते. वैज्ञानिकसुद्धा दुसऱ्यांची मोजमापं विश्वासानंच घेतो. प्रत्येक प्रयोग स्वतः करायचा म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही.

इथपर्यंत ऐकून काहींना बरं वाटेल. बघा, विज्ञानाला मर्यादा आहेत! आहेतच. पण तेवढ्यानं पलीकडचं कुणाचंही म्हणणं खरं ठरत नाही. बोअरला पाणी लागलं नाही, म्हणून शेजारच्या पडक्या विहिरीत ते असेलच, असं नाही.

रानडे इतके सोपे नाहीत, हे आधी सांगायला हवं. गूढानुभवात बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती या तिन्हींचा कस लागतो, आणि साधकाची नैतिक उन्नती झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. ही कसोटी आम्हाला मोलाची वाटते. पण निरनिराळ्या साधकांचे अनुभव जुळतात यावरही ते बरीच भिस्त ठेवतात, आणि तिथे शंका येते. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम हे एकाच भाषेतले, एकाच परंपरेतले. साक्षीदारांची आधीच ओळख असेल तर साक्ष जुळण्याचं वजन कमी होतं. रानडे पाश्चात्त्य साधकांचेही दाखले देतात, हे खरं. तरीही प्रश्न उरतोच. पाण्यातली काठी सगळ्यांनाच वाकडी दिसते. तेवढ्यानं ती वाकडी होत नाही.

मग भेद करायचा कसा? पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आले. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली, ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी साधारण ४६ टक्के. नाणं उडवून ५० टक्के येतात! आता इथे विज्ञानाच्या मर्यादेची ढाल पुढे करता येणार नाही. पत्रिकेवरून बुद्धी कळते, हा दावा तपासता येण्याजोगा होता, तो तपासला गेला आणि टिकला नाही.

आमचं म्हणणं एवढंच. ज्ञानाचे मार्ग अनेक आहेत; पण ज्या मार्गावर चूक ओळखायची सोयच नाही, तो ज्ञानाचा मार्ग नव्हे. नैयायिकांनी प्रमाणाबरोबर हेत्वाभासांचीही यादी केली, ती उगीच नाही. साधकाला शांती लाभली, त्याचं जगणं बदललं, हे आपण आदरानं मान्य करू. पण त्याच अनुभवाच्या जोरावर कुणी म्हणाला की इन्सुलिन बंद करा, मधुमेह बरा होईल, तर तो दावा शरीराविषयीचा झाला. तिथे रक्तातली साखर मोजायचीच. विज्ञानाच्या मर्यादा अवश्य सांगाव्यात. पण त्या सांगणाऱ्यानं आपल्या मार्गाच्या मर्यादाही त्याच दमात सांगाव्यात.