काचेपलीकडचा कामगार

कामगारावर चित्रपट काढणे तितकेसे अवघड नाही. कामगाराच्या पगारावर चित्रपट काढणे मात्र महाकठीण. घाम, यंत्रांची घरघर, भोंगा होताच फाटकातून बाहेर पडणारा लोंढा, हे सारे पडद्यावर झकास दिसते. परंतु तासाला २९ डॉलर मिळवणारी बाई त्याच छपराखाली १२ डॉलर ८४ सेंटांवर येते, ही गोष्ट पडद्यावर दाखवायची कशी? चेहरा तोच, हात तेच, काम तर अधिकच कष्टाचे. बदललेला असतो तो एक आकडा, आणि आकड्याला नाक-डोळे नसतात.

‘अमेरिकन फॅक्टरी’ हा २०१९ सालचा अनुबोधपट ह्या अवघड वाटेने जाऊ पाहतो, म्हणूनच त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. स्टीव्हन बोग्नार आणि जूलिया रायकर्ट ह्या जोडीने तो काढला. त्याला उत्तम अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले. रायकर्टबाई २०२२ च्या डिसेंबरात निवर्तल्या. कामगार स्त्रियांवरील चित्रपटांत त्यांची सारी हयात गेली होती. तेव्हा ह्या दोघांना विषय ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही.

हकीगत अशी. ओहायओ राज्यात डेटन शहराला लागून मोरेन नावाचे गाव आहे. तेथे जनरल मोटर्सचा मोठा मोटारींचा कारखाना होता. २००८ सालच्या डिसेंबरच्या २३ तारखेला, म्हणजे नाताळला दोन दिवस असताना, तो बंद पडला. (आपल्याकडे ऐन धनत्रयोदशीला गिरणीला टाळे लागावे, तसे.) पुढे २०१४ साली फुयाओ ह्या चिनी कंपनीने ती जागा विकत घेतली आणि मोटारींच्या काचा करण्याचा कारखाना तेथे उभारला. जुने कामगार पुन्हा कामाला लागले. त्यांना शिकवायला चीनहून सुमारे दोनशे माणसे आली. दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे प्रथम कुतूहलाने, मग प्रेमाने आणि शेवटी संशयाने पाहू लागली. एवढाच ह्या चित्रपटाचा विषय. पण त्यात जग मावते.

ह्या चित्रपटाचा पहिला गुण म्हणजे त्यात कोणी खलपुरुष नाही. भट्टीवर काम करणारा चिनी कारागीर बायकामुलांना दोन वर्षे मागे ठेवून आला आहे, आणि ते दुःख तो फारसे बोलून दाखवत नाही. एक अमेरिकन कामगार सणाच्या दिवशी चिनी सोबत्यांना घरी जेवायला बोलावतो, त्यांना आपली मोटारसायकल आणि बंदुका दाखवतो. पाहुणे पोरांसारखे हरखून जातात. कंपनीचे अध्यक्ष त्साओ देवांग ह्यांनाही दिग्दर्शकांनी राक्षस केलेले नाही. हा कोट्यधीश म्हातारा आपले गरिबीतले बालपण आठवतो, आणि आपण जगाचे भले केले की पाप केले, असा प्रश्न स्वतःलाच विचारतो. दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर त्या प्रसंगी त्याने कॅमेरा वाकडा धरला असता. इथे तो सरळ धरला आहे.

तथापि हा समतोलच मला पुढे पुढे खटकू लागला.

कारखान्यात युनियन आणावी की नाही, ह्यावर २०१७ च्या नोव्हेंबरात मतदान झाले. युनियनच्या बाजूने ४४४, विरुद्ध ८६८. त्या आधी व्यवस्थापनाने तासाला दोन डॉलर वाढ जाहीर केली होती आणि युनियन नको हे कामगारांच्या गळी उतरवण्यासाठी बाहेरचे सल्लागार नेमले होते. हे सारे चित्रपटात आहे. मग नाही काय? नाही ते हे, की त्या २९ डॉलरांना जन्म कोणी दिला? चित्रपट पाहणाऱ्या तरुण माणसाला असे वाटावे की जनरल मोटर्स ही कोणी उदार माउली होती आणि तिच्या मरणाबरोबर ते ऐश्वर्य लोपले. युनियनवाले पडद्यावर येतात ते फलक धरून रस्त्याकडेला उभे असलेले, काहीसे थकलेले, जुन्या काळातले पाहुणे वाटावेत असे. आणि हा दोष ह्या एका चित्रपटाचा नाही. पडद्याला युनियन फारशी मानवतच नाही.

चॅप्लिनचा १९३६ सालचा ‘मॉडर्न टाइम्स’ पाहा. सरकत्या पट्ट्यावर बोल्ट पिळता पिळता वेडा झालेला तो चिमुकला मजूर कोण विसरेल? परंतु त्या चित्रपटात मजूर मोर्च्याचा पुढारी होतो तो निव्वळ अपघाताने: गाडीवरून पडलेले लाल फडके उचलतो आणि पोलीस त्याला धरतात. गंमत अशी, की चित्रपट लागला त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबरला, मिशिगनमधील फ्लिंट गावी जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले आणि ४४ दिवस बसून राहिले. त्यांच्या बायकांनी लाल टोप्या घालून पहारे दिले आणि आत अश्रुधूर कोंडला तेव्हा बाहेरून खिडक्यांच्या काचा फोडून वाट करून दिली. ११ फेब्रुवारी १९३७ ला जगातल्या त्या सर्वांत बलाढ्य कंपनीने युनियनला मान्यता दिली. चॅप्लिनच्या विनोदाला ह्या कथेची सर नाही असे कोण म्हणेल? तरी ती लोकांच्या नजरेपुढे राहिली नाही. त्या बायकांवर ‘विथ बेबीज अँड बॅनर्स’ नावाचा एक छोटा अनुबोधपट १९७८ साली निघाला. म्हातारपणी त्या आठवणी सांगताना त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहण्यासारखे आहे.

आणि त्याच १९७८ साली पॉल श्रेडरचा ‘ब्लू कॉलर’ आला. डेट्रॉइटचे तीन मोटारकामगार कर्जाला कंटाळून आपल्याच युनियनची तिजोरी फोडतात. आत पैसा थोडा आणि काळ्या धंद्याची वही मात्र सापडते, आणि मग तिघांच्या मैत्रीचा चुराडा होतो. चित्रपट अप्रतिम आहे. रिचर्ड प्रायरसारखा हसवणारा नट त्यात ज्या थराला जातो ते पाहून अंगावर काटा येतो. त्यात युनियनवर केलेला आरोप खोटा होता असेही म्हणवत नाही, कारण ह्याच मोटारकामगार संघटनेच्या दोन माजी अध्यक्षांना पैशांच्या गैरव्यवहारापायी २०२१ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा युनियनची आरती ओवाळा, असे मी कोणत्याही दिग्दर्शकाला सांगणार नाही. पण चोरी झाली ती तिजोरीतून. मुळात तिजोरी भरली कशी, ही कथा कोणी सांगायची?

ती कथा कागदावर आहे, आणि हीच तर कलावंताची अडचण. हेन्‍री फोर्डने ५ जानेवारी १९१४ ला आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देऊ केले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि त्याच्या उदारपणाचे कौतुक करतो. परंतु आदल्या वर्षी त्याच्या कारखान्यात माणसे इतकी झपाट्याने सोडून जात होती, की चौदा हजार जागा भरलेल्या ठेवायला वर्षात पन्नास हजारांवर माणसे कामावर घ्यावी लागली होती. शिवाय त्या पाच डॉलरांतला जवळजवळ अर्धा भाग नफ्याचा वाटा म्हणून होता आणि तो वर्तन चांगले असेल तरच मिळे. ते पाहायला कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जात. दान आणि करार ह्यांतला फरक इथे उघड होतो.

करार झाले ते पुढे. वॉल्टर रूथर हे नाव आपल्याकडे आता फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९५६ साली ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली १९५० साली जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा जो करार झाला त्याला अमेरिकेत ‘डेट्रॉइटचा तह’ म्हणतात. महागाईबरोबर वाढणारा पगार, निवृत्तिवेतन, आजारपणाच्या विम्यात कंपनीचा वाटा: कलमांमागून कलमे. अमेरिकेत इस्पितळाचा खर्च सहसा मालकाने काढलेल्या विम्यावर अवलंबून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमांचे मोल कळते. मुलाच्या दातांचे काम, बायकोचे बाळंतपण, म्हातारपणीचे औषध. घरोघर ह्या कराराने शिरकाव केला. महाकाव्य ह्यात आहे, पण ते कलम क्रमांकांच्या भाषेत लिहिलेले. आपल्या गिरणगावातल्या जुन्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. दिवाळीचा बोनस ही मालकाची ओवाळणी नव्हे, तो हक्क आहे, हे ठरवून घेण्यात किती वर्षे गेली आणि १९६५ चा कायदा व्हायच्या आधी किती संप झाले, ते त्यांनी पाहिलेले असते. त्या बोनसचे नवे कपडे घालून आपण फोटो काढले; कराराचा फोटो कोणी काढला नाही.

मग तो २९ डॉलरांचा कामगार लाडावलेला होता काय? २००८ सालच्या मंदीत अमेरिकेतली वर्तमानपत्रे सांगत होती, की मोटारकामगार तासाला सत्तर डॉलर खातो, म्हणून कंपन्या बुडाल्या. हा आकडा कसा तयार झाला तेही पाहावे. त्यात हातात पडणाऱ्या पगारावर विमा आणि इतर सवलती होत्याच. शिवाय हजारो निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा आणि औषधपाण्याचा खर्च आज काम करणाऱ्यांच्या तासांवर वाटून टाकलेला होता. एकत्र कुटुंबात आजोबांच्या औषधांचे बिल नातवाच्या पगारात मिळवावे आणि म्हणावे, पाहा, पोरगा किती कमावतो! कामगार कमी होत गेले, म्हातारे वाढत गेले, आणि भागाकारात आकडा फुगला. प्रत्यक्षात २००७ च्या करारानेच नव्या माणसांना जुन्यांच्या जवळजवळ निम्म्या पगारावर घेण्याची वाट मोकळी झाली होती. एकाच पट्ट्यावर शेजारीशेजारी उभे असलेल्या दोघांना दोन पगार! ही दरी बुजवायला आणि महागाईभत्ता परत मिळवायला २०२३ सालचा संप व्हावा लागला. १५ सप्टेंबरला तो सुरू झाला आणि तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी झाला, असे पूर्वी कधी घडले नव्हते. साडेचार वर्षांत पगारात २५ टक्के वाढ त्यातून मिळाली. पुढच्या वर्षी एप्रिलात टेनेसीतील फोक्सवॅगनच्या कामगारांनी युनियनच्या बाजूने प्रचंड बहुमताने कौल दिला. मोरेनचा निकाल पाहून खिन्न झालेल्या प्रेक्षकाला हे ठाऊक असलेले बरे. चित्रपट २०१९ ला थांबतो, माणसे थांबत नाहीत.

ह्या गोष्टीचा एक धागा आपल्या दारापर्यंत आला आहे. मोरेनचा कारखाना बंद पडला त्याच २००८ साली जनरल मोटर्सने पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना उघडला. २०२० च्या डिसेंबरात, पुन्हा नाताळच्या तोंडावर, तेथले उत्पादन थांबले. तो एका चिनी कंपनीला विकण्याचे ठरले होते, ते २०२२ साली फिसकटले. पुढे कोरियाच्या ह्युंदाईने तो घेतला. मधल्या काळात हजारावर कामगार आपल्या नोकरीच्या हक्कासाठी न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले. बोग्नार आणि रायकर्ट ह्यांच्यासारखे धीराचे डोळे तळेगावच्या फाटकाशी कोणी चार वर्षे लावले असते तर!

धीर म्हणण्याचे कारण, ह्या चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्याच्या तपशिलांत आहे. चीनमध्ये कारखाना पाहायला गेलेल्या अमेरिकन मुकादमांना दिसते, की तेथे पाळीआधी कामगार पलटणीसारखे रांगेत उभे राहून हजेरी देतात. आणि फुटक्या काचांच्या ढिगात साधे हातमोजे घालून माणसे काचा निवडत आहेत. पाहुण्यांना धक्का बसतो, पण त्याच रात्री कंपनीच्या समारंभात गाणी ऐकून आणि सामुदायिक लग्ने पाहून त्यांतल्या एकाच्या डोळ्यांना पाणी येते. माणूस असाच असतो. बहिणीच्या घराच्या तळघरात राहणारी एक कामगार बाई आहे. तिची ती खोली चार-दोन क्षण दिसते आणि पगाराचा आकडा अचानक दिसू लागतो. माझ्या तक्रारीला ह्या चित्रपटाने दिलेले उत्तम उत्तर म्हणजे ती खोली.

शेवटाकडे अध्यक्षमहाशय कारखान्यातून फेरी मारतात. बरोबरचा अधिकारी दाखवत जातो: इथली इतकी माणसे कमी करायची, इथे यंत्र बसवायचे. रूथर ह्यांची एक जुनी गोष्ट सांगतात. फोर्डच्या नव्या कारखान्यात आपोआप चालणारी यंत्रे दाखवत एक अधिकारी त्यांना म्हणाला, “ह्यांच्याकडून युनियनची वर्गणी कशी गोळा करणार?” रूथर म्हणाले, “आणि तुम्ही ह्यांना मोटारी कशा विकणार?” ही गोष्ट बोग्नार-रायकर्ट ह्यांना माहीत नसेल असे होणे नाही. त्यांनी ती चित्रपटात घातली नाही, यंत्राचा हात तेवढा काच उचलताना दाखवला. आणि इथे मात्र त्यांचा संयम मला पटला.

पाहणाऱ्यांनी एक करावे. ह्याच दोघांनी २००९ साली ‘द लास्ट ट्रक’ हा चाळीस मिनिटांचा अनुबोधपट काढला होता, तो आधी पाहावा. त्यात कारखाना बंद होण्याचे शेवटचे दिवस आहेत. चित्रपटवाल्यांना आत शिरू दिले नव्हते, तेव्हा आतली दृश्ये कामगारांनीच लहान कॅमेऱ्यांनी टिपून आणली. ती हलतात, धूसर आहेत, चौकट कधी तिरपी जाते. पण आपल्या जागेचा निरोप घेणारा माणूस काय पाहतो ते त्यांत दिसते. मोठ्या चित्रपटात नसलेली २९ डॉलरांची मागची बाजू ह्या छोट्यात पुष्कळशी सापडते.