मोत्यांची वही कोणाच्या हातात होती?

दुबईत दोन दिवस राहिलात तर मोती काढणारा पाणबुड्या तुम्हाला भेटतोच. वारसा-दालनातला पुतळा: नाकावर चिमटा, गळ्यात टोपली, पायाला दगड. माझी त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे. त्याच्या आसपास हिशेबाचा कागद कुठे दिसत नाही, आणि दिसलाच तर काचेखाली, सुंदर अक्षराचा नमुना म्हणून. तो कागद वाचला की ही गोष्ट शौर्याची कमी आणि उधारीची जास्त वाटायला लागते.

'गोल्ड रश' म्हटलं की आपल्याला 1849 चा कॅलिफोर्निया आठवतो. आखातातली तशी धावपळ मोत्यांची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आपल्या गॅझेटियरमध्ये आकडे नोंदवले आहेत: आज साधारण अमिरातीत येणाऱ्या किनाऱ्यावरून बाराशेहून जास्त होड्या आणि सुमारे 22 हजार माणसं मोत्यांसाठी निघत. पण खाण-कंपनीची पगारपत्रकं, दुकानखाती, पत्रव्यवहार एका कचेरीत सापडतात, तसं इथे होत नाही. इथे कंपनीच नव्हती, उधारीची साखळी होती. मोठा व्यापारी छोट्याला पैसे देई, तो नाखुद्याला, नाखुदा पाणबुड्याला. साखळीचं वरचं टोक बहुतेक वेळा मुंबईत, मोतीबाजारात.

शेवटच्या कडीचा हिशेब असा. हंगामाआधी पाणबुड्याला उचल मिळे, ती 'सलफ'. हंगाम संपल्यावर घर चालवायला आणखी उचल, ती 'तिसकाम'. मोती विकले की आधी अन्नधान्याचा खर्च वजा, मग होडीचा वाटा वजा, आणि उरलेल्यात साधारणपणे पाणबुड्याला तीन वाटे, वर दोर ओढणाऱ्याला दोन. त्यातून उचल कापली की हातात काय येई, ते वही ठरवी. वही नाखुद्याची. बाकी फिटली नाही तर पुढच्या वर्षी खाली उतरायचं, आणि बाप गेला तर अनेकदा ती मुलाच्या नावावर चढे.

वजनाचा भाग तर फारच गमतीचा. मुंबईत मोत्यांची किंमत 'चव' या मापानं ठरे, आणि आखातातले व्यापारीही तेच वापरत. चव हे साधं वजन नाही: वजनाचा वर्ग करून त्याला मोत्यांच्या संख्येनं भागायचं आणि ठरलेल्या अंकानं गुणायचं. म्हणजे एक मोती दुसऱ्याच्या दुप्पट वजनाचा असेल तर त्याचे चव चौपट. व्यापारी यासाठी तयार कोष्टकं जवळ बाळगत. समुद्राच्या तळातून शिंपला वर आणणाऱ्याला हे गणित तपासता येईल, ही अपेक्षा कुणाचीच नव्हती.

आता दोन कागद शेजारी ठेवा. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली, आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि स्वतःजवळ ठेवायचं पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. त्याच 1879 मध्ये, त्याच ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली, आखाती किनाऱ्यावरच्या शेखांनी एक करार केला: कर्ज बुडवून दुसऱ्याच्या हद्दीत पळालेला माणूस परत करायचा. पळालेल्या पाणबुड्यावरून शेखांमध्ये भांडण पेटलं तर समुद्रावरचा तह मोडेल, ही भीती. एकीकडे कर्जदाराच्या हाती वही, दुसरीकडे त्याच्या मागे माणसं. सरकार एकच, फक्त शांतता कुठून भंगते ते वेगळं. मला ही तुलना कुठल्याही दालनात सापडली नाही, आणि मराठी वाचकाला ती सगळ्यात आधी सुचायला हवी.

नाखुदा बदलायचा तर पाणबुड्याला 'बरवा' लागे: आधीच्या नाखुद्याची चिठ्ठी, बाकी किती ते सांगणारी. तुमच्यापैकी ज्यांचे आईबाबा आखातात नोकरीला होते, त्यांना इथे 'एनओसी' आठवेल. थेट वंशावळ काढू नका, काळ आणि कायदा दोन्ही वेगळे. पण कागदाचं काम ओळखीचं आहे.

1920 च्या दशकात शेजारच्या बहरीनमध्ये पाणबुड्यांच्या हिशेबात सुधारणा झाली आणि प्रत्येकाला स्वतःची हिशेब-वही देण्याचा नियम आला. मग जपानी कृत्रिम मोती आले, 1929 ची मंदी आली आणि धंदाच बसला.

कतार डिजिटल लायब्ररीवर या काळातल्या ब्रिटिश कचेऱ्यांच्या हजारो फाइली 2014 पासून फुकट वाचता येतात. काम उत्तम आहे. अडचण एवढीच की फाइलींची नावं अधिकाऱ्यांनी दिलेली आहेत, त्यामुळे 'मोती' शोधलंत तर व्यापार आणि सरकारी धोरणच आधी हाती लागतं. त्याऐवजी कर्ज शोधा, पळालेले शोधा, मुक्तीचे अर्ज शोधा. गुलाम म्हणून पाण्यात उतरवलेल्या माणसांचे जबाब तिथे आहेत, ज्यांच्या वाट्याचा पैसा मालकाकडे जाई. कुठून आणलं, कोणी विकलं, किती वर्षं डुबक्या मारल्या, असे थोडक्या ओळींचे. तेही कारकुनानं भाषांतर करून लिहिलेले, आणि पुष्कळदा खाली सहीच्या जागी अंगठा.