विम्याच्या हिशेबातील माणसे : एरिक विल्यम्स यांचा ग्रंथ पुन्हा वाचताना

त्रिनिदाद बेटावर १९११ साली जन्मलेले एरिक विल्यम्स इतिहासाच्या अध्ययनासाठी ऑक्सफर्डला गेले, तेव्हा तेथे गुलामगिरीच्या उच्छेदाची एक ठरीव कथा सांगितली जात असे. विल्बरफोर्स आणि त्यांच्या धर्मशील सहकाऱ्यांनी इंग्लंडची सदसद्विवेकबुद्धी जागी केली व त्या राष्ट्राने स्वतःच्या लाभावर पाणी सोडून १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला, अशी ती कथा. प्राध्यापक कूपलंड हे तिचे मोठे कथेकरी होते. विल्यम्स यांनी १९३८ साली पूर्ण केलेला प्रबंध या कथेच्या पायालाच हात घालणारा होता. तोच वाढवून १९४४ साली 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झाला. इंग्लंडात तो छापला जाण्यास आणखी वीस वर्षे जावी लागली, आणि तोवर ग्रंथकर्ता स्वतंत्र त्रिनिदाद व टोबॅगोचा पंतप्रधान झाला होता. आज ग्रंथाला ऐंशी वर्षे उलटून गेली असताना त्यातील कोणते खांब उभे आहेत व कोणते कलले आहेत, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

ग्रंथाचा मुख्य सिद्धांत थोडक्यात असा : आफ्रिकेतील माणूस काळा म्हणून त्याला गुलाम केले गेले नाही. साखरेच्या मळ्यांना अखंड व स्वस्त राबणूक हवी होती म्हणून त्याला गुलाम केले गेले, आणि तो काळा असल्यामुळे हीन आहे, हे तत्त्वज्ञान मागाहून रचले गेले. प्रारंभी याच मळ्यांवर इंग्लंडातील दरिद्री गोरे मुदतबंदीने राबत होते. जितक्या पैशांत गोऱ्याची काही वर्षांची मेहनत मिळे, तितक्यात आफ्रिकी माणूस जन्मभरासाठी मिळू लागला, तेव्हा मळेवाल्यांनी हिशेब केला; वर्णाचा विचार नंतर आला. ज्याच्याकडून हलके काम घ्यावयाचे तो आधीच हलका असतो, की काम घेता घेता तो हलका ठरविला जातो, हा प्रश्न आपल्याकडील वाचकास केवळ परदेशाचा वाटू नये.

यानंतरची व्यापारविषयक प्रकरणे हा ग्रंथाचा सर्वांत संपन्न भाग होय. इंग्लंडातून कापड, बंदुका व लोखंडी सामान आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जावयाचे, तेथून माणसे कॅरिबियनमध्ये, आणि तेथून साखर परत लिव्हरपूल-ब्रिस्टलला. या त्रिकोणाला हिंदुस्थानचा चौथा कोनही होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जे कापड दिले जाई, त्यात कोरोमंडल व गुजराथ येथील मागांवर विणलेले पुष्कळ असे. दीवच्या वाणी सावकारांचे कापड पोर्तुगीजांच्या मोझांबिकमध्ये खपत असे, आणि तेथेही त्याच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. आपण या पापाचे केवळ प्रेक्षक होतो, अशी समजूत करून घेण्यास इतिहास वाव देत नाही. विल्यम्स हिंदी कापडाचा उल्लेख करतात, परंतु त्यांची दृष्टी अटलांटिकवर खिळलेली असल्याने ते तेथे रेंगाळत नाहीत.

कायद्याच्या अभ्यासकास मात्र या ग्रंथातील एक लहानशी जागा अधिक अडविते. ती म्हणजे 'झाँग' जहाजाचा उल्लेख. हे जहाज लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे होते. १७८१ साली ते ४४२ गुलाम कोंबून जमैकाकडे निघाले. खलाशांची वाट चुकली, रोगाने माणसे मरू लागली. विम्याचा नियम असा की, गुलाम आपल्या मरणाने मेला तर नुकसान मालकाचे. परंतु जहाज वाचविण्यासाठी 'माल' समुद्रात टाकावा लागला तर भरपाई विमेदाराने द्यावयाची. पाणी पुरणार नाही, या सबबीवर खलाशांनी नोव्हेंबरअखेर व डिसेंबरच्या आरंभी १३० हून अधिक जिवंत माणसे समुद्रात लोटली. पहिल्या खेपेस बायका व मुले होती. मध्यंतरी पाऊस पडून पाण्याची सोय झाली, तरी लोटणे थांबले नाही. नंतर मालकांनी माणशी ३० पौंडांप्रमाणे मागणी केली, आणि मार्च १७८३ मध्ये लंडनच्या ज्यूरीने ती मान्य केली.

विल्यम्स येथवरची हकीकत देतात आणि कप्तान व खलाशी यांच्यावर खुनाचा खटला भरावा, ही कल्पना कोणा भूतदयावाद्याच्या मनास शिवलीदेखील नाही, अशा आशयाची कडवट टिप्पणी करतात. येथे त्यांचे चुकले आहे. ओलौदा इक्वियानो हा स्वतः गुलामगिरीतून सुटलेला गृहस्थ ही वार्ता घेऊन ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे गेला, आणि शार्प यांनी खुनाच्या आरोपासाठी नौदलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत लेखी दाद मागितली. ती कोणी घेतली नाही, ही गोष्ट निराळी. शिवाय विमेदारांनी फेरविचार मागितला तेव्हा मे महिन्यात किंग्ज बेंचपुढे पावसाचा पुरावा आला, आणि सरन्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी नव्याने चौकशीचा आदेश दिला. ती चौकशी झाल्याची नोंद मिळत नाही. मालकांच्या बाजूने उभे होते खुद्द सरकारचे सॉलिसिटर जनरल जॉन ली. ही माणसे म्हणजे माल होय, मग खुनाचा प्रश्न कोठून आला, असा त्यांचा युक्तिवाद. मॅन्सफील्ड यांनीही ज्यूरीपुढील प्रश्न घोडे समुद्रात टाकण्याच्या प्रश्नासारखाच होता, हे बोलून दाखविले होते.

वकिली टीकाकाराचा हा काथ्याकूट वाटेल. परंतु ज्या पक्षाची बाजू सबळ आहे त्याने पुराव्याची काटछाट करू नये, एवढेच म्हणणे आहे. शार्प यांचा अर्ज मांडला असता तर विल्यम्स यांचा सिद्धांत दुबळा झाला नसता. दयाळू माणसे होती, त्यांनी दार ठोठावले, आणि पैशाच्या दाव्यासाठी उघडणारे दार खुनाच्या फिर्यादीसाठी उघडले नाही, हेच त्यातून अधिक ठसठशीत दिसले असते.

ग्रंथाच्या उत्तरार्धाविषयी अशीच तक्रार आहे. कॅरिबियन मळे तोट्यात गेले म्हणून इंग्लंडला भूतदया सुचली, असे विल्यम्स जवळजवळ म्हणतात. सीमोर ड्रेशर यांनी १९७७ साली आकडेवारीने दाखविले की १८०७ च्या सुमारास हे मळे मोडकळीस आलेले नव्हते. व्यापार किफायतीचा असतानाच बंद केला गेला. या हल्ल्यानंतर विल्यम्स यांची बाजू जशीच्या तशी मांडता येत नाही. गुलामांच्या बंडांनी मळेवाल्यांची झोप उडविली, हे त्यांनी शेवटी एका प्रकरणात सांगितले आहे. ते प्रकरण मोठे हवे होते.

तथापि धनाने गुलामगिरीचा अंत घडविला नसला, तरी अंताच्या अटी धनानेच घातल्या, हे १८३३ चा कायदा वाचणाऱ्यास कळून येते. पार्लमेंटने दोन कोट पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. ती मालकांना मिळाली, मुक्त झालेल्यांना छदामही नाही. उलट त्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत बिनमोल राबावे लागले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी या भरपाईच्या दाव्यांची नोंद २०१३ पासून सर्वांस खुली केली आहे. तीत बडे मळेवाले आहेत, तसे दोन-चार गुलामांवर उपजीविका करणाऱ्या विधवा व पाद्रीही आहेत. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली. म्हणजे मुक्त झालेल्यांच्या वंशजांपैकी जे इंग्लंडात कर भरीत होते, त्यांनीही आपल्या पूर्वजांच्या मालकांचे देणे फेडले. पुढे प्रधानमंत्री झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन यांना लाखाहून अधिक पौंड मिळाले, आणि त्याच गृहस्थांच्या खटपटीने १८३८ साली कलकत्त्याहून 'व्हिटबी' व 'हेस्परस' ही जहाजे हिंदी मजुरांना मुदतबंदीने घेऊन ब्रिटिश गियानाला गेली.

त्याच कायद्याच्या ६४ व्या कलमाने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानू नये एवढेच ठरले. माणूस गुलाम म्हणून विकणे-घेणे हा गुन्हा झाला तो १८६० च्या दंडसंहितेने. गोव्यात तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्शोटेन या डच प्रवाशाने राजरस्त्यावर लिलावात माणसे विकली जाताना पाहिली होती.

हा ग्रंथ मराठीत वा कोकणीत आणावयाचा झाल्यास अनुवादकास पहिल्याच पानावर अडचण पडेल. 'दास' हा शब्द भक्तीने इतका उजळला आहे की संतांनी तो भूषण म्हणून नावापुढे लावला, आणि देवळात आपणही तो अभिमानाने उच्चारतो. तो येथे चालणार नाही. 'गुलाम' हा बाहेरून आलेला शब्द वाचकास दूरच्या देशाचा वाटेल. आमच्या मते अनुवादकाने निदान काही ठिकाणी 'बटीक' आणि 'कुणबीण' हे शब्द योजावेत. त्यांच्या किमती पेशवाईच्या कागदांत रुपयांनी लिहिलेल्या आहेत.