गुरुमाउलीची लेक



आषाढात आमच्या काशीदला समुद्र खवळलेला, होड्या वर ओढलेल्या आणि शेतात भातलावणी सुरू. म्हणून इकडच्या पुष्कळ जणांची वारी कार्तिकीची. आषाढी एकादशी गावातच होते. यंदा हरिपाठ संपल्यावर एका मुलाने मोबाइलवर सोयराबाईंचा अभंग लावला. किशोरी आमोणकरांनी भैरवीत गायलेला. आमचे एक वयस्क टाळकरी शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "गोड आहे हो. पण यात आपण टाळ कुठे धरायचा?"

प्रश्न खरा आहे. कीर्तनात बुवा चरण म्हणतात, मागचे टाळकरी धृपद उचलतात आणि अभंग सगळ्यांच्या गळ्यांतून फिरून परत येतो. किशोरीताईंच्या गाण्यात आपल्याला अशी जागा नाही. एक बाई गाते, बाकीचे ऐकतात. सांप्रदायिक चालीच्या मापाने हे उणेच, ते झाकण्यात अर्थ नाही. पण शब्दाचे काय झाले तेही पाहा. गवई अभंग घेतात तेव्हा बरेचदा चरण नावाला उरतो आणि ताना पुढे धावतात. इथे तान आवरलेली आहे. 'रंग' या शब्दापाशी सूर थांबतो, त्याला गोंजारतो, पण सोयराबाईंचे म्हणणे हातचे सुटत नाही.

हा आवर आईकडून आला. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या गोव्यातल्या कुर्डी गावच्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. पती लवकर गेले. तीन मुले त्यांनी गाण्यावर वाढवली. त्यांतल्या थोरल्या किशोरीताई, जन्म १९३२चा. आई स्थायी-अंतरा दोनदा गाऊन दाखवी, तिसऱ्यांदा नाही, ही आठवण किशोरीताई मुलाखतींत सांगत. मैफलीत आईच्या मागे तंबोरा धरून बसायचे आणि ऐकायचे, हेही शिक्षणच. आपल्याकडेही फड वंशाने चालतात, बापाची वीणा मुलाच्या गळ्यात येते. पण कीर्तन काही वीणेबरोबर येत नाही, हे आपण सगळेच पाहतो. मोगूबाईंनी लेकीला नाव आयते दिले, गाणे मात्र मागून घ्यायला लावले.

पुढे लेक आईच्या वाटेवरून थोडी बाजूला गेली. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही त्या शिकल्या. १९६४च्या 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटात गायल्या, ते आईला रुचले नाही. मध्ये काही काळ आवाजच गेला, तो उपचारांनी परत आला. मोगूबाईंचे गाणे लयीला घट्ट बांधलेले. किशोरीताईंनी ती गाठ सैल करून भावासाठी आलाप लांबवला. घराणे सोडले, अशी टीका तेव्हा झाली. माझ्या कानाला त्यांच्या काही ख्यालांत बंदिश आलापात हरवल्यासारखी वाटते, तेवढ्यापुरती ती टीका मला पटते. अभंगात मात्र ही सैल झालेली लय आणि आईचा जुना आवर दोन्ही एकत्र भेटतात.

किशोरीताई फार कडक, तापट, असे तुम्हीही ऐकले असेल. श्रोत्यांत कुजबुज झाली तरी त्यांना खपत नसे. त्यामागे एक जुने दुःख होते. आईबरोबर गाण्याच्या दौऱ्यांवर जाताना आईला मिळणारी वागणूक त्या लहान वयात पाहत होत्या: प्रवास, उतरण्याची जागा, बिदागी, सगळे हलके. गाणे मोठे आणि गाणारी बाई मात्र उंबऱ्याबाहेर. आपल्या वाट्याला हे येऊ द्यायचे नाही, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. पुढे १९८७ला पद्मभूषण, २००२ला पद्मविभूषण मिळाले, पण तो जागरूकपणा ३ एप्रिल २०१७ला त्या गेल्या तोवर सुटला नाही.

आता सोयराबाई आठवा. चोखोबांच्या घरच्या. ज्या देवळात त्यांना पाऊल टाकता आले नाही, त्या देवळातल्या देवाशी एकरूप झाल्याचे त्या सांगतात. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोरच आहे, नामदेव पायरीपाशी. आईला उंबऱ्याबाहेर पाहिलेल्या लेकीने नेमका हा अभंग इतक्या जपून गावा, यात मला नुसती गायकी ऐकू येत नाही. हा माझा अर्थ, आपण आपला लावावा.

टाळकरीबुवांना मी एवढेच सांगितले: पुढच्या एकादशीला हरिपाठानंतर आधी मोगूबाईंचे जुने ध्वनिमुद्रण लावू, मग लेकीचा अभंग. तेवढा वेळ टाळ मांडीवर ठेवा.