पळपुट्याची साक्ष

(नेवासा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय एका विनोदी ऐतिहासिक कादंबरीचा आहे. तिचा नायक सैनिक आहे, आणि भित्रा आहे. नुसता भित्रा नाही, तर खोटारडा, बाईलवेडा, दुबळ्याला छळणारा आणि वरिष्ठांपुढे लाळघोटेपणा करणारा. अशा पात्राला आपल्याकडे समीक्षक 'प्रतिनायक' म्हणतात, पण त्या शब्दाचा जुना अर्थ खलनायकाकडे झुकतो. मी साधा शब्द वापरणार आहे, पळपुटा.

कादंबरी इंग्रजी आहे. 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम', लेखक जॉर्ज मॅकडोनल्ड फ्रेझर, साल १९७५. ही नेवाशात कशाला, असं कोणी विचारील. तर तिचा निम्माअधिक जीव झाशीत आहे, म्हणजे नेवाळकरांच्या घरात, तांब्यांच्या मुलीपाशी. विषय आपल्या घरचाच आहे, फक्त सांगणारा परका आहे.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. टॉमस ह्यूज यांची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही शाळकरी मुलांची सोज्वळ कादंबरी १८५७ साली आली. हो, त्याच साली. तिच्यात फ्लॅशमन नावाचा एक दांडगट मुलगा आहे, लहान मुलांना छळणारा. दारू पिऊन येतो म्हणून शाळेतून काढून टाकतात, आणि तो पुस्तकातून नाहीसा होतो. फ्रेझरनं विचारलं, पुढे त्याचं काय झालं? आणि स्वतःच उत्तर दिलं : तो सैन्यात गेला आणि साम्राज्याचा मोठा वीर ठरला. १९६९ ते २००५ या काळात या माणसाच्या कारनाम्यांची बारा पुस्तकं आली.

विनोदाची गंमत कशात आहे ते पहिल्याच पुस्तकात कळतं. १८४२ साली इंग्रजांची फौज काबूलहून माघार घेताना जवळजवळ संपूर्ण नष्ट झाली. तिचा सेनापती जनरल एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट, पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन आपल्याला माहीत आहे, त्याचा हा चुलत भाऊ. आमचा नायक जलालाबादजवळच्या एका गढीत अडकतो. शत्रूला शरण जावं म्हणून निशाण त्याच्या हवाली करायला निघतो, आणि तेवढ्यात बेशुद्ध पडतो. कुमक येते तेव्हा तो निशाणाला कवटाळून पडलेला दिसतो. झालं! शेवटच्या श्वासापर्यंत निशाण सोडलं नाही म्हणून इंग्लंडभर जयजयकार. पुढची अकरा पुस्तकं याच यंत्रावर चालतात. माणूस पळतो, आणि पळताना नेमका कीर्तीच्या अंगावर जाऊन आदळतो.

हे सगळं तो स्वतः सांगतो, म्हातारपणी लिहून ठेवलेल्या कागदांत. ते कागद म्हणे १९६५ साली लेस्टरशायरमध्ये एका लिलावात चहाच्या खोक्यात सापडले, आणि फ्रेझर नुसता संपादक. तळटीपा देतो, तारखा ताडून पाहतो, 'इथे फ्लॅशमन अचूक आहे' असं गंभीर चेहऱ्यानं सांगतो. पहिलं पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेतल्या काही परीक्षकांनी ते खरंखुरं आत्मचरित्र समजून परीक्षणं लिहिली! हसू नका. आपण सगळेच फसलो असतो, का ते सांगतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक जुनं कोडं शिकवतात. एक माणूस म्हणतो, 'मी खोटं बोलतो.' हे खरं मानावं की खोटं? फ्लॅशमन म्हणतो, मी आयुष्यभर सर्वांना फसवलं, पण या कागदांत खरं लिहितो. आणि आपण विश्वास ठेवतो. का? कारण तो स्वतःच्या विरुद्ध बोलतो. कोर्टातसुद्धा स्वतःला गोत्यात आणणाऱ्या बोलण्याला वजन असतं. 'मी शूर होतो' म्हणणाऱ्याला आपण पुरावा मागतो. 'मी घाबरून गवताच्या गंजीत लपलो' म्हणणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. मग तो गंजीत लपून जे पाहतो, तेही आपण पुराव्यावाचून स्वीकारतो. ही युक्ती लहान नाही.

आणि तो पाहतो भरपूर. १८५६ साली पामर्स्टन त्याला हेरगिरीसाठी झाशीला पाठवतो. तिथून जीव वाचवायला पठाणाचं सोंग घेऊन तो मेरठच्या तिसऱ्या घोडदळात शिपाई म्हणून भरती होतो. म्हणजे ऐन ठिणगीच्या जागी. एप्रिल १८५७मध्ये पंच्याऐंशी शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, ९ मे रोजी भर कवायतीत त्यांचे गणवेश उतरवून पायात बेड्या ठोकल्या, दुसऱ्या दिवशी मेरठ पेटलं. फ्लॅशमन हे सगळं देशी शिपायाच्या कपड्यांत राहून बघतो. वर्षानुवर्षं इमानानं नोकरी केलेले शिपाई रडताहेत, आणि तोफा त्यांच्यावर रोखलेल्या आहेत. इथे विनोद हळूच बाजूला होतो. वीरनायकाला हे दिसलं नसतं, कारण तो काहीतरी करण्यात गुंतलेला असता. भित्रा माणूस करत काही नाही, म्हणून त्याला दिसतं. भीतीला डोळे फार असतात.

पण इथंच थांबलो तर ती नुसती तारीफ होईल. माझी तक्रार आहे, आणि ती मोठी आहे.

राणीची गोष्ट आधी उरकतो, कारण मराठी वाचकाला पहिली ठेच तिथंच लागते. फ्लॅशमनची नजर राणीवर आहे. एका रात्री तिचा आपल्यावर अनुग्रह झाला असं त्याला वाटतं. ती बाई राणीच होती का, याची शंका यावी एवढी फट लेखकानं ठेवली आहे, आणि सांगणारा आत्मप्रौढीनं आंधळा आहे हेही आपल्याला माहीत असतं. तरी प्रसंग खटकतो. मला खटकतो. बाकी पुस्तकात राणी करारी, हुशार, स्वतःचं राज्य अन्यायानं गेलं हे तोंडावर सांगणारी आहे, आणि ग्वाल्हेरजवळचा तिचा मृत्यू लेखकानं आदरानं लिहिला आहे. म्हणून पुस्तक फेकून द्यावं असं मी म्हणणार नाही. ज्यांना फेकावंसं वाटेल त्यांच्याशी भांडणारही नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या कादंबरीत भारतीय माणसं शूर असतात, क्रूर असतात, कपटी असतात, इमानी असतात. पण फ्लॅशमनसारखं मनमोकळं, लाजिरवाणं, हसू येईल असं भिण्याची मुभा त्यांना जवळजवळ मिळतच नाही. भित्रं असण्याचा हक्क सांगणाऱ्या साहेबानं स्वतःकडे राखून ठेवला आहे. आणि मंडळी, भिण्याचा हक्क हा माणूस असण्याचा हक्क आहे. ज्याला कादंबरीत घाबरू दिलं जात नाही, तो एक तर पुतळा होतो, नाहीतर राक्षस.

ही खोड जुनी आहे. १८२६ साली लंडनला 'पांडुरंग हरी' नावाची तीन खंडांची कादंबरी निघाली. एका मराठी भटक्याचं आत्मवृत्त असल्याचा बहाणा. पेंढारी, लष्करातले सरदार, लबाडी, लूट, सगळा मालमसाला. तिथेही 'हे एका नेटिवाचं हस्तलिखित आहे' हीच बतावणी, आणि लेखक कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी, विल्यम ब्राउन हॉकली. पुढे १८७३च्या आवृत्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची प्रस्तावना होती. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातला लबाड शिपाईगडी इंग्रजीत नायक झाला होता! पण हसणारा एका तीरावर आणि ज्याला हसायचं तो दुसऱ्या तीरावर. त्याच्या तुलनेत फ्रेझर फार पुढे आला, त्यानं हसण्याचं तोंड आपल्याच माणसाकडे वळवलं. पण नदी काही ओलांडली नाही.

मग आपण काय केलं? गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. तेव्हापासून दीडशे वर्षं मराठीत ऐतिहासिक कादंबऱ्यांचा पूर आहे. त्यात पळपुटा शोधा. सापडेल, पण फितूर म्हणून सापडेल, आणि प्रकरण संपायच्या आत त्याचं मुंडकं उडेल. ना. सं. इनामदारांनी एक वेगळी वाट काढली. इतिहासानं ज्यांना काळं फासलं त्यांना त्यांनी कादंबरीत आणलं. 'झेप'मधले त्रिंबकजी डेंगळे तर आपल्याच जिल्ह्यातले, निमगाव जाळीचे. पण इनामदार त्यांना उजळवतात. डाग पुसून नायक करतात. डागासकट माणूस आपल्याला रुचत नाही. नाटकात 'घाशीराम कोतवाल'नं १९७२ साली नाना फडणवीसांना नाचवलं, तर केवढं वादळ उठलं.

आणि तरी, आपल्याकडे भित्र्याची साक्ष आहे. कादंबरी नाही, खरीखुरी. वरसईचे विष्णुभट गोडसे, 'माझा प्रवास'. घरात कर्ज, म्हणून उत्तरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, ही बातमी ऐकून काकांबरोबर निघाले, आणि थेट सत्तावनच्या वणव्यात सापडले. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ते उतारवयात लिहिलं, आणि ते छापलं गेलं १९०७ साली, लेखक गेल्यानंतर.

हे पुस्तक फ्रेझरच्या शेजारी ठेवून वाचा, एवढीच माझी विनंती आहे. झाशी तीच, साल तेच, घाबरलेला निवेदक दोन्हीकडे. गोडसे भटजी लपतात, थरथरतात, आपले पैसे कुठे दडवावेत याची चिंता करतात. शहरात कत्तल चालू असताना आपण काय शौर्य केलं असं एक अक्षर नाही. जमवलेली दक्षिणा लुटीत जाते. पण त्याच भीतीच्या फटीतून त्यांना दुसऱ्यांची घरं दिसतात, पाण्यावाचून तडफडणारी माणसं दिसतात. आणि काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी थकलेली, तहानलेली राणी दिसते. फ्लॅशमनच्या राणीपेक्षा ही राणी मला जास्त खरी वाटते, कारण पाहणाऱ्याला तिच्याकडून काही नको आहे.

शेवटी भटजींच्या पदरात काय पडतं? गंगेची कावड. ती खांद्यावरून कोकणात आणून आईवडिलांना स्नान घालतात. फ्लॅशमनला मिळतो व्हिक्टोरिया क्रॉस. मी इथं फ्रेझरला दोष देत नाही, विनोदाचा नियमच तो आहे. पण पळण्याची किंमत ज्याला कधीच मोजावी लागत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाला किती मोल द्यायचं?

आता नेवाशात बसून मला हे न बोलणं शक्य नाही. इथं पैस खांबाशी जो ग्रंथ सांगितला गेला, शके १२१२ची गोष्ट, त्याचा आरंभ कशानं होतो? एक सैनिक ऐन रणात धनुष्य टाकून बसतो. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हात लुळे. वैद्याला विचारलंत तर तो ही भीतीचीच लक्षणं म्हणेल. अर्जुन पळपुटा नव्हे, त्याचं दुःख दुसऱ्यांच्या मरणाचं आहे, हे मला ठाऊक आहे. कीर्तनकारांनी रागावू नये. मी एवढंच दाखवतो की अर्जुनाची कबुली युद्धाआधीची आहे, दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभं राहून केलेली. फ्लॅशमनची कबुली पेन्शनीनंतरची, तीही मेल्यावर वाचली जावी अशी. भीती एकच असेल. ती कोणासमोर आणि केव्हा सांगितली, यानं माणूस बदलतो.

फ्रेझरला हे कळत होतं असं मला वाटतं. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात साधा शिपाई म्हणून लढला होता, सतराव्या भारतीय डिव्हिजनमध्ये. भीती त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती. म्हणून या कादंबरीत शेवटाकडे एक प्रसंग आहे, आणि त्याच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा वाचतो. ग्वाल्हेरला इंग्रज फ्लॅशमनलाच बंडवाला समजतात. शुद्धीवर येतो तो तोंडात बोळा, पाठीशी तोफ. तोफेच्या तोंडी द्यायच्या रांगेत त्याला बांधलेलं असतं. आजवर असंख्य वेळा तो वाचला, पण त्या वेळी मारणारे परके होते. आता मारणारे त्याचेच. कसाबसा ओळखला जातो, सुटतो. आणि मग तो एक विचित्र गोष्ट करतो. रांगेतल्या बाकीच्या देशी कैद्यांनाही सोडून द्यायला सांगतो. त्यांना म्हणावं, पळा, लांब पळा, पुन्हा सापडू नका.

त्यात फायदा नाही, शौर्य नाही, तत्त्व तर नाहीच. फक्त तोफेचं तोंड पाठीला कसं लागतं हे त्याला आता माहीत आहे. मघाची माझी तक्रार इथं क्षणभर मागे पडते. नदीच्या पलीकडच्या माणसांना लेखकानं भिण्याची आणि पळण्याची मुभा दिली. एका पानापुरती दिली.

मराठीत असं पान कोण लिहील? जागा तर आहेत. पानिपतावरून, १४ जानेवारी १७६१ला, मल्हारराव होळकर आपली फौज घेऊन निघाले. पळाले की शहाणपणानं मागे सरले, यावर बखरींपासून आजच्या चहाच्या टपरीपर्यंत तंटा चालू आहे. दोन्ही पक्ष सुभेदारांविषयी बोलतात. त्यांच्यामागून दौडत निघालेल्या एखाद्या साध्या बारगिराला कोणी विचारलेलं नाही. घोडा त्याच्या मालकीचा नाही, पगार थकलेला, पोटात अन्न नाही, आणि सुटल्याचा आनंद असा की तो कोणाला सांगायची सोय नाही. घरी पोचल्यावर बायकोला त्यानं काय सांगितलं असेल? मला ती कादंबरी वाचायची आहे. हसत वाचायची आहे.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.