सात सूचना : एक परखड परीक्षण

इंजिनियर माणसाला मतं फार. डॉक्टर विचारल्याशिवाय औषध सांगत नाही, वकील तर विचारल्यावरही फी ठरेपर्यंत तोंड उघडत नाही. पण इंजिनियर लग्नाच्या पंगतीत बसला, की पंखा कुठे टांगायला हवा होता हे जिलबी वाढायच्या आत सांगून मोकळा होतो. मी विद्युत मंडळात चौतीस वर्षं काढली. म्हणजे माझ्याकडे मतांचा साठा किती असेल, याचा तुम्हीच हिशेब करा.

या मतांपैकी निवडक मी ग्रंथरूपाने प्रसिद्धही केली आहेत. ग्रंथ एकपानी आहे. एका पाठकोऱ्या फुलस्केपवर, निळ्या शाईने, स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला डकवलेला. शीर्षक ‘वीज वाचवा’, खाली सात सूचना, त्याखाली लेखकाची सही आणि हुद्दा. (घरच्या दारावर हुद्दा कशाला, असं ही तेव्हाही म्हणाली होती.) पहिली आवृत्ती १९९१ची, चार सूचनांची. पुढे २००१ ते २००३ या काळात तीन सूचनांची भर पडून सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. आता कागद पिवळा पडलाय, सूचना क्रमांक तीनवर फोडणीचा डाग आहे, तरी मजकूर वाचता येतो. पस्तीस वर्षं सतत वाचकांच्या नजरेसमोर असलेलं दुसरं मराठी पुस्तक तुम्ही मला दाखवा!

या ग्रंथाचं आजवर परीक्षण आलं नव्हतं, ते परवा आलं. समीक्षक म्हणजे आमची नात. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने कुठून तरी एक वॉटमापक आणलं. भिंतीतल्या प्लगात ते खोचायचं आणि त्यात आपलं यंत्र खोचायचं, की किती वीज चालली ते आकड्यात दिसतं. तिने आठ दिवस घरभर फिरून त्या आकड्यांची वही केली, आणि रविवारी दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून लाल पेन काढलं. मी म्हटलं, थांब. माझ्या पुस्तकाचं परीक्षण व्हायचंच असेल तर ते मी करीन. निदान भाषा तरी सभ्य राहील.

तर प्रस्तुत कृतीकडे वळू.

सुरुवात सहाव्या सूचनेपासून करतो, कारण लेखकाने घरात सगळ्यांत जास्त आवाज तिच्यावरून चढवला आहे. ‘मोबाईलचा चार्जर काम झाल्यावर भिंतीत ठेवू नये. थेंबे थेंबे तळे साचते.’ सून घरात आली त्या पहिल्या आठवड्यात तिला मी हे वाचून दाखवलं होतं. नातीने लोंबकळणारा रिकामा चार्जर मापकात खोचला. मापकाने शून्य दाखवलं. मी म्हटलं, मापक बिघडलंय. तेव्हा तिने वहीत मांडून दाखवलं, की वॉटचा दहावा हिस्सा जरी धरला आणि वर्षभर रात्रंदिवस धरला, तरी एक युनिटसुद्धा भरत नाही.

लेखकाच्या बाजूने एवढंच सांगतो, की ही सूचना लिहिली तेव्हा खरी होती. तेव्हाचे चार्जर अडकित्त्याएवढे जड, आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, नुसते भिंतीत राहिले तरी हाताला कोमट लागायचे. ते चार्जर गेले. सूचना राहिली. सूनबाईंना मात्र मी जवळजवळ वीस वर्षं त्या गेलेल्या चार्जरांबद्दल बोलत होतो.

पाचवी सूचना संगणकाबद्दल आहे आणि तिच्याविषयी काही न बोललेलंच बरं. पण समीक्षकाला मोह आवरत नाही. ‘संगणकावरून उठताना स्क्रीनसेव्हर लावावा.’ आमचा पहिला संगणक २००१चा. त्याचा पडदा म्हणजे टीव्हीसारखं मागे पोट आलेलं धूड. आपण उठलो की पडद्यावर रंगीत मासे पोहू लागत. नावातच ‘सेव्हर’, तेव्हा वीजच वाचवत असणार, दुसरं काय वाचवणार, असा लेखकाचा बिनतोड युक्तिवाद. वास्तविक तो वाचवत होता पडदा. त्या जुन्या पडद्यांवर एकच चित्र तासन् तास राहिलं तर आतल्या लेपावर त्याचा कायमचा डाग पडे, म्हणून चित्र हलतं ठेवायचं. विजेचं म्हणाल तर मासे पोहोत नाहीतर हिशेबाचे कागद दिसोत, खर्च तेवढाच. विद्युत मंडळातला एक जबाबदार अधिकारी जेवायला उठताना मासे सोडायचा आणि वीज वाचवल्याच्या समाधानात दोन घास जास्त जेवायचा. कॉलेजात फॉस्फरचा तो लेप मी स्वतः शिकलो होतो. पण परीक्षेत शिकलेलं घरात वापरायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

सातवी सूचना ‘चालती वस्तू टाकू नये’ ही आशयाच्या दृष्टीने या कृतीतली सर्वोत्तम, असं माझं मत होतं. नातीच्या वहीने तिचेही दोन तुकडे केले. आमचा फ्रिज १९९४चा. फ्रिजवर ताऱ्यांच्या चिठ्ठ्या लावायची योजना २००६ साली सुरू झाली, त्यामुळे आमचा ताऱ्यांच्या आधीचा, काळोखातला. दोनदा कॉम्प्रेसर बदलून मी तो चालता ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवला. मापकाने चोवीस तासांचा हिशेब सांगितला : दोन युनिटांच्या वर. शेजाऱ्यांचा तेवढाच नवा फ्रिज पाऊण युनिटातही बसला नाही, खालीच राहिला. म्हणजे माझी काटकसर वर्षाला पाचशे युनिटं गिळत होती. आणि संगणक? ते मात्र मी दोन टाकले, तिसरा टाकायला काढला. गेल्या वर्षी त्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक पाटी आली, की आता यापुढची नवी प्रणाली या यंत्राला पेलणार नाही. यंत्र ठणठणीत होतं. कळफलकावरचा ‘अ’ तेवढा जरा दाबून मारावा लागे. दुकानदार म्हणाला, काका, भंगारात द्या, आता याला कोणी विचारत नाही.

इथे गंमत अशी आहे, आणि ती मला चौतीस वर्षं नोकरी करून सुचली नाही. फ्रिज चोवीस तास चालतो, म्हणून तो बनवताना लागलेल्या ऊर्जेपेक्षा तो चालवताना लागणारी कितीतरी जास्त. लॅपटॉपचं उलटं. तो खातो वीसएक वॉट, तेही दिवसातले चार तास. पण त्यातल्या चिप आणि पडदा घडवतानाच जो धूर व्हायचा तो होऊन गेलेला असतो. बनवणाऱ्या कंपन्यांचेच अहवाल सांगतात, की लॅपटॉपच्या जन्मभराच्या कार्बनचा मोठा वाटा तो दुकानात येण्याआधीच हवेत गेलेला असतो. तेव्हा फ्रिज बदलायचा आणि लॅपटॉप जपायचा, असा सरळ हिशेब. लेखकाने टाकायचं ते सांभाळलं आणि सांभाळायचं ते टाकलं, आणि वर सूचनेखाली सही ठोकली.

(तो लॅपटॉप वाचला, कारण भंगारवाला दोन रविवार आलाच नाही. नातीने माळ्यावरून काढून त्यात लिनक्स घातली. हे परीक्षण मी त्याच्यावरच लिहितोय. ‘अ’ अजून दाबूनच मारावा लागतो.)

एवढं झाल्यावर कोणत्याही लेखकाने गप्प बसावं. मी बसलो नाही. मी नातीला विचारलं, तू त्या फोनमधल्या यंत्रमानवाला दिवसभर प्रश्न विचारत असतेस, त्याला वीज लागत नाही वाटतं? मला वाटलं, इथे पकडली. तिने शांतपणे सांगितलं, की गुगलने २०२५ साली आपल्या यंत्राचा आकडा जाहीर केलाय : मजकुराच्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२४ वॉट-तास. आणि वहीचं मागचं पान उघडलं. त्यावर मथळा होता : ‘आजोबांची आंघोळ’.

वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायची, म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट वीज. हा आकडा मला पाठ आहे, त्यात वाद नाही. एवढ्या विजेत फोन वीस दिवस रोज पूर्ण भरता येतो. आणि प्रश्न?

“आजोबा, तुमची एक बादली म्हणजे माझे दोन हजार प्रश्न.”

मी म्हटलं, कंपनीने स्वतःच सांगितलेला आकडा आहे तो, यंत्राला शिकवताना लागलेली वीज त्यात धरलेली नाही, चित्रं आणि सिनेमे करायला निराळी लागते, आणि २०२४ साली जगातल्या विजेचा दीड टक्का असली संगणकांची गोदामं खात होती. सगळं खरं होतं. तिने तेही वहीत लिहून घेतलं, शेजारी ‘बरोबर’ अशी खूण केली, आणि म्हणाली, “पण आजोबा, तुमच्या सातांत गीझर कुठाय?”

समीक्षेत म्हणतात, लेखकाने काय लिहिलं यापेक्षा काय वगळलं ते पाहावं. मी चष्मा लावून सातही सूचना पुन्हा वाचल्या. दिवा आहे, पंखा आहे, फ्रिजचं दार उघडं ठेवून विचार करू नये असं हिला उद्देशून आहे, इस्त्री सगळ्यांची एकदम करावी असंही हिलाच उद्देशून आहे. घरात सगळ्यांत जास्त वीज खाणारी वस्तू, दोन हजार वॉटची, जी पहाटे पाच वाजता लेखक स्वतः लावतो, तिचं नाव अख्ख्या ग्रंथात नाही.

आमच्या लहानपणी आंघोळीला तांब्याचा बंब होता. आई पहाटे उठून त्यात ढलप्या, शेंगांची टरफलं, गोवऱ्यांचे तुकडे घालायची. न्हाणीघरभर धूर आणि तिचे डोळे लाल. घरात गीझर आला तेव्हा मी म्हटलं होतं, चला, धूर गेला. तो गेला नाही, चंद्रपूरला गेला. कोयनेचं पाणी आपल्या विजेत असतं, सूर्य आणि वाराही आता असतो, पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच, आणि युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. म्हणजे माझ्या बादलीखाली रोज पाव किलोच्या वर कोळसा कुणीतरी घालतंय. फक्त त्याचे लाल डोळे मला दिसत नाहीत.

राहिली सूचना क्रमांक दोन. तिच्यावर नातीने लाल पेन लावलं नाही, कारण तिला ती समजलीच नाही. ‘पॅसेजमधला झिरोचा बल्ब रात्रभर ठेवू नये.’ झिरोचा बल्ब आता कोण बघतो? नाव झिरो, पण खायचा बारा-पंधरा वॉट. सामान्य लोकांना वाटे, शून्य म्हणजे फुकट. इंजिनियरला खरं माहीत. १९९१ साली आई आमच्याकडे राहायला आली. तिला रात्री दोनदा उठावं लागे. बल्ब असू दे रे, म्हणाली. मी तिला वॉट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बरं, तू शिकलेला आहेस.” त्यानंतर ती रात्री भिंतीला हात लावत जायची. पॅसेजच्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, तिच्या हाताचा एक लांब मळकट पट्टा उमटला होता. १९९९ साली ती गेली. पुढच्या दिवाळीच्या रंगात तो पट्टाही गेला.

पंधरा वॉट, रात्रीचे नऊ तास. मी नातीच्या वहीत मागे कोपऱ्यात भागाकार करून पाहिला. माझ्या एका बादलीत आईच्या तीन रात्री बसत होत्या.

“कसला हिशेब चाललाय?” हिने विचारलं. मी सांगितला. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून अर्ध्या वॉटचा एक चिमुकला दिवा घेऊन आली आणि पॅसेजमध्ये लावला. आता आम्हालाच रात्री उठावं लागतं.

तिसरी आवृत्ती काढायचं घाटतंय. गच्चीवर सोसायटीचा सौरबंब आहे, पण आमच्या नळाला त्याचं गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाहून जातं, म्हणून मी गीझर लावतो, हा माझा जुना आणि भक्कम युक्तिवाद. तो मी सहसंपादकांपुढे मांडला. ही म्हणाली, “अहो, मग ती बादली कुंड्यांना घाला.” बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं! त्यामुळे सध्या उन्हाच्या दिवशी जास्वंदीला बादली आणि मला सौरबंब, अशी व्यवस्था आहे. ढगाळ दिवशी मात्र गीझर. काल पावसाची झड होती. पहिली बादली संपली, अंगावर साबण तसाच, मी हळूच दुसरी लावायला गीझरच्या बटणाकडे हात नेला, तोच दारावर टकटक झाली.

“आजोबा, दोन हजार झाले!”